तयार रेल्वे इंजिनाची प्रतिकृती कशी पारखावी: पुण्यातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

लघुरेल्वेचा छंद जोपासायला सुरुवात करणारा पुणेकर बहुधा दोन वाटांनी येतो. एक तर लहानपणी पुणे स्टेशनच्या फलाटावर उभे राहून डेक्कन क्वीन सुटताना पाहिलेली असते, नाही तर कोथरूडमधील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात चालत्या गाड्या पाहून मन अडकलेले असते. त्यानंतरचा प्रश्न मात्र दोघांचा एकच असतो: आता इंजिन विकत घ्यायचे आहे, पण समोरची प्रतिकृती चांगली आहे की नुसती चकचकीत, हे ओळखायचे कसे?

गेल्या अकरा वर्षांत मी एकोणीस इंजिने घेतली आणि त्यांपैकी सात तोटा सोसून विकली. त्या सातांपैकी पाच तरी घेण्यापूर्वी पंधरा मिनिटांच्या तपासणीत बाद झाली असती. ती तपासणी येथे क्रमाने मांडली आहे. तिचे मुख्य सूत्र असे, की प्रतिकृती खालून वर तपासावी: आधी चाके, मग बोगी (म्हणजे डबा नव्हे, तर इंजिनाखालची चाके धरणारी चौकट), मग कवच आणि रंग सर्वांत शेवटी. आपली नजर आपोआप रंगाकडे आधी जाते, आणि विक्रेत्याचे छायाचित्रही रंगच दाखवण्यासाठी काढलेले असते.

लागणारी साधने आणि कागदपत्रे

- डिजिटल व्हर्नियर कॅलिपर. रविवार पेठेतील बोहरी आळीत मिळतो. साधा प्लास्टिकचा नको, धातूचा घ्यावा.
- मल्टिमीटर आणि १२ व्होल्टचा, वेग कमी-जास्त करता येणारा कंट्रोलर. मल्टिमीटरसाठी बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत एक फेरी पुरेशी आहे.
- किमान दोन मीटर सरळ रूळ, एक वळण आणि एक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा तुकडा).
- एक मीटर लांबीची सपाट फळी.
- दहापट मोठे दाखवणारे भिंग, कापसाच्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कागदाच्या अरुंद पट्ट्या.
- मूळ इंजिनाच्या मापांची नोंद, आणि त्याच वर्गाच्या इंजिनाची अगदी समोरून व अगदी बाजूने काढलेली छायाचित्रे.
- विक्रेत्याचे बिल, हमीपत्र आणि सुट्या भागांची यादी. यादी नसेल तर भविष्यात एक गिअर तुटला तरी संपूर्ण इंजिन शोभेची वस्तू होऊन बसते.

१. आधी प्रमाण आणि रुळाची रुंदी समजून घ्या

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि गोंधळाची सुरुवात येथूनच होते. एचओ प्रमाण म्हणजे १:८७, प्रतिकृती मूळ इंजिनाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे. ब्रिटिश इंजिनांचे ओओ प्रमाण साधारण १:७६, पण रूळ तेच १६.५ मिलिमीटरचे. त्यामुळे ओओचे इंजिन एचओच्या रुळावर व्यवस्थित धावते, आणि विक्रेता ‘दोन्ही चालतात’ म्हणतो ते खोटे नसते. फक्त ओओचा डबा एचओच्या इंजिनामागे सुमारे १४ टक्के मोठा दिसतो. एन गेजमध्येही तसेच आहे: रूळ सर्वत्र ९ मिलिमीटरचे, पण युरोपीय आणि अमेरिकी प्रतिकृती १:१६०, ब्रिटिश १:१४८ आणि जपानी बहुतांशी १:१५०.

भारतीय इंजिनांच्या बाबतीत आणखी एक तडजोड आधीच मान्य करावी लागते. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. तो १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर भरतो, आणि एचओचा १६.५ मिलिमीटरचा रूळ मुळात १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजसाठी आहे. म्हणजे एचओमधील जवळपास प्रत्येक भारतीय इंजिन आपल्या खऱ्या रुळापेक्षा अरुंद रुळावर उभे असते. समोरून पाहिल्यास चाके आत गेल्यासारखी वाटतात ती यामुळेच. हा उत्पादकाचा दोष नाही. त्यासाठी गुण कापू नयेत.

मार्कलिन या जर्मन कंपनीची जुनी इंजिने स्वस्तात दिसली तर थांबा. मार्कलिनच्या एचओ पद्धतीत वीज रुळांच्या मधल्या संपर्कबिंदूंतून घेतली जाते आणि चाके एकमेकांपासून विद्युतरोधित नसतात. ते इंजिन साध्या दोन रुळांच्या मांडणीवर ठेवल्यास सरळ शॉर्टसर्किट होते.

२. कोणत्या इंजिनाची आणि कोणत्या काळाची प्रतिकृती आहे, ते ठरवा

‘हे डब्ल्यूडीएम-२ सारखे दिसते का?’ हा प्रश्न अपुरा आहे. भारतीय रेल्वेच्या डिझेल इंजिनांचा हा वर्ग १९६२ मध्ये अमेरिकेतील अल्को कंपनीकडून आला, पुढे वाराणसीला दशकानुदशके बनत राहिला, आणि त्या काळात त्याच्या खिडक्या, नाक, दिवे, ब्रेकची जाळी हे सर्व बदलत गेले. ‘जंबो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंजिनांचे शॉर्ट हूड (चालकाच्या केबिनपुढचे आखूड नाक) ठेंगणे आणि समोरच्या काचा मोठ्या आहेत. तेव्हा प्रतिकृतीवर लिहिलेला क्रमांक वाचावा, त्या क्रमांकाच्या खऱ्या इंजिनाचे छायाचित्र शोधावे, आणि प्रतिकृतीची तुलना केवळ त्या छायाचित्राशी करावी.

क्रमांक हाच पहिला पुरावा असतो. डब्ल्यूडीएम-३डी इंजिनांचे क्रमांक ११ ने सुरू होतात, डब्ल्यूएपी-४ या विजेवरच्या इंजिनांचे बहुतांशी २२ ने. विजेवरच्याच डब्ल्यूएपी-७ ची मालिका ३०२०१ पासून सुरू झाली. कवचावर एक वर्ग आणि क्रमांकपट्टीवर दुसराच वर्ग, असे प्रकार छोट्या उत्पादकांकडे सर्रास आढळतात.

संदर्भासाठी छायाचित्र निवडताना तिरप्या कोनातले सुंदर छायाचित्र उपयोगाचे नाही. अगदी काटकोनात, बाजूने काढलेले हवे. मग ते कितीही कंटाळवाणे असो. जुन्या इंजिनांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाची फेरी सार्थकी लागते, कारण तेथे तुम्ही इंजिनाभोवती फिरून सर्व बाजूंनी स्वतः छायाचित्रे काढू शकता.

३. मापे घ्या

डब्ल्यूडीएम-२ ची बफरसह (बफर म्हणजे टोकांवरचे धक्का झेलणारे दट्टे) लांबी १७,१२० मिलिमीटर, रुंदी २,८६४, उंची ४,१८५ आणि चाकाचा व्यास १,०९२ मिलिमीटर आहे. प्रत्येक आकड्याला ८७ ने भागा: लांबी १९६.८, रुंदी ३२.९, उंची ४८.१ आणि चाक १२.६ मिलिमीटर. डब्ल्यूएपी-७ ची लांबी २०,५६२ मिलिमीटर, म्हणजे एचओमध्ये २३६.३. हे आकडे एका कागदावर लिहून कागद कॅलिपरच्या डबीतच ठेवावा.

माझे पहिले भारतीय इंजिन रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर ठेवून मी कॅलिपर लावला, तेव्हा पडद्यावर १८४ असा आकडा आला. मी बॅटरी बदलून पुन्हा मोजले, तरी १८४. त्याला ८७ ने गुणले तर खरे इंजिन १६ मीटरचे ठरते, म्हणजे एक मीटरहून अधिक आखूड. कवच उघडल्यावर कारण सापडले. उत्पादकाला एका लहान अमेरिकी इंजिनाचा सांगाडा सहज उपलब्ध होता, आणि त्या सांगाड्यावर बसावे म्हणून लाँग हूड, म्हणजे केबिनमागचा लांब भाग, मधून आखूड केले होते. सगळे दरवाजे होते, सगळ्या जाळ्या होत्या. फक्त प्रत्येक दरवाजा थोडा अरुंद होता. डोळ्यांना ते महिनाभर खटकले नव्हते.

म्हणून एकूण लांबीखेरीज दोन्ही बोगींच्या मध्यबिंदूंमधील अंतरही मोजावे. उसना सांगाडा वापरला असेल तर तो तेथेच उघडा पडतो. एक टक्क्यापर्यंतचा फरक मी स्वीकारतो; १९७ मिलिमीटरच्या इंजिनात दोन मिलिमीटर. तीन टक्क्यांच्या पुढे गेल्यास ते इंजिन मापाचे म्हणून विकण्याच्या लायकीचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बफरही मोजा. भारतीय ब्रॉडगेजवर दोन बफरांच्या मध्यबिंदूंतील अंतर १,९५६ मिलिमीटर असते, एचओमध्ये २२.५. युरोपीय सुटे भाग जसेच्या तसे बसवले असतील तर हे अंतर २० च्या आसपास येते आणि इंजिनाचा चेहराच बदलतो.

४. चाके आणि बोगी: येथे सर्वाधिक वेळ द्या

इंजिन उलटे करून मऊ फडक्यावर ठेवा. आधी प्रत्येक चाकजोडीच्या आतल्या बाजूंमधील अंतर मोजा. एचओमध्ये ते १४.४ मिलिमीटरच्या आसपास असावे, आणि सर्व जोड्यांचे सारखे असावे. हे अंतर कमी असल्यास इंजिन सरळ रुळावर निर्दोष धावते, पण सांध्यावर चढते आणि घसरते. माझ्या एका नव्या इंजिनाची तिसरी चाकजोडी १३.९ मिलिमीटर होती. ते दर वेळी एकाच सांध्यावर घसरत असे, म्हणून मी दोन आठवडे तो सांधाच कानशीने घासत बसलो आणि एक चांगला सांधा वाया घालवला. इंजिन नवे आहे म्हणून त्याची चाके बरोबरच असणार, हे गृहीत धरण्याची शिक्षा होती ती.

नंतर चाक हलक्या हाताने फिरवून ते डगमगते का पाहा. एका चाकावर रबरी पट्टी असल्यास ओढण्याची शक्ती वाढते, पण ते चाक वीज घेऊ शकत नाही. पट्टी असणे गैर नाही. चारांहून अधिक चाकांवर असेल तर मात्र मी नापसंती नोंदवतो.

आता बोगी. भारतीय डिझेल प्रतिकृतींमध्ये सर्वांत जास्त चुका येथेच होतात आणि सर्वांत कमी पकडल्या जातात. डब्ल्यूडीएम-२ आणि डब्ल्यूडीएम-३ए यांच्याखाली अल्कोची ट्रायमाउंट बोगी असते. तिच्या तीन चाकांमधील दोन अंतरे समान नसतात. मधले चाक एका बाजूला सरकलेले दिसते. तिची चौकट ओतीव पोलादाची, जाड आणि भरीव. डब्ल्यूडीएम-३डी खाली मात्र हाय अ‍ॅडहिजन बोगी असते. जोडकाम केलेली चौकट आणि अ‍ॅक्सल बॉक्सजवळ (चाकाच्या आसाचे टोक बसते ती पेटी) ठळक दिसणाऱ्या कॉइल स्प्रिंगा. पुण्यातल्या लोकांनी घोरपडीच्या डिझेल शेडची ही दोन्ही प्रकारची इंजिने वर्षानुवर्षे पाहिली आहेत, तरी दुकानात डब्ल्यूडीएम-३डी चा क्रमांक आणि ट्रायमाउंट बोगी असलेले इंजिन समोर आले की आपण रंग पाहून पैसे मोजतो. मीही मोजले आहेत.

समान अंतरावर तीन चाके असलेली बोगी डब्ल्यूडीएम-२ खाली दिसली, तर ती दुसऱ्याच कोणत्या तरी इंजिनाची आहे असे निःशंक समजावे. उत्पादकाने बाजूची नक्षी ट्रायमाउंटची लावून आतली चाके समान अंतरावर ठेवलेली असतात, असेही घडते. अशा वेळी अ‍ॅक्सल बॉक्सचा मध्य आणि चाकाचा मध्य जुळत नाही. भिंगातून बाजूने पाहिल्यास ते लगेच कळते.

५. कवच

कवच डोळ्यांच्या पातळीवर धरून छायाचित्राशी ताडून पाहा. वरून पाहू नका. खरे इंजिन आपण कधीच वरून पाहत नाही. खिडक्यांच्या कोपऱ्यांची गोलाई, काचा कवचाशी समतल आहेत की आत खोल बसल्या आहेत, हातकठडे तारेचे आहेत की कवचातूनच उमटवलेले आहेत, रेडिएटरची जाळी आरपार आहे की नुसत्या रेषा आहेत, एवढे बघितले तरी पुरते. त्रिमितीय छपाईने बनवलेल्या कवचावर तिरप्या उजेडात पायऱ्यांसारख्या सूक्ष्म रेषा दिसतात. रंगाचा जाड थर देऊन त्या लपवलेल्या असतील तर रिव्हेटही त्याच थराखाली बुडालेले असतात.

एक खबरदारी घ्या. प्रत्येक साम्य ही फसवणूक नसते. डब्ल्यूएजी-९ आणि डब्ल्यूएपी-७ एकाच घराण्यातली. लांबी तीच, कवच जवळपास तेच, मुख्य फरक गिअरच्या प्रमाणात. तेव्हा उत्पादकाने दोन्हींसाठी एकच साचा वापरला असेल तर त्यात चूक नाही.

६. रंग आणि अक्षरे

रंगाची छटा कॅमेऱ्यावर आणि उजेडावर अवलंबून असते, शिवाय खरी इंजिनेही उन्हापावसात फिकी पडतात. म्हणून छटेबद्दल फार वाद घालू नये. रंगाच्या पट्ट्यांच्या कडा सरळ आहेत का आणि पट्टा दरवाजाच्या खाचेतून अखंड गेला आहे का, हे मात्र पाहावे.

देवनागरी अक्षरे भिंगाखाली अवश्य वाचा. परदेशात छापलेल्या पट्ट्यांवर ‘कल्याण’मधला अर्धा ल सुटा होऊन ‘कल् याण’ असे उमटलेले मी पाहिले आहे, आणि ‘पुणे’चा उकार पुढच्या अक्षराखाली सरकलेलाही पाहिला आहे. दुसऱ्या कुणाला तो तपशील किरकोळ वाटेल; आपली लिपी असल्याने आपल्याला तो कायम बोचत राहतो.

७. चालवून पाहा

चाचणीपूर्वी रूळ अल्कोहोलने पुसा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पुण्यात रुळांवर चार दिवसांत थर धरतो, आणि त्या थराचा दोष निरपराध इंजिनावर जातो.

पहिली चाचणी मंद वेगाची. एक मीटर अंतर आखा, इंजिन थांबणार नाही इतक्या कमी व्होल्टेजवर चालवा आणि वेळ मोजा. एचओसाठी ३१३ ला सेकंदांनी भागले की खऱ्या इंजिनाचा ताशी किलोमीटरमधील वेग मिळतो. चांगले इंजिन एक मीटर पार करायला तीस सेकंदांहून अधिक घेते, म्हणजे ताशी दहा किलोमीटर किंवा त्याहून मंद, आणि तेही न अडखळता. त्यानंतर पूर्ण १२ व्होल्ट द्या. डब्ल्यूडीएम-२ चा कमाल वेग ताशी १२० किलोमीटर. तुमचे इंजिन मीटरभर अंतर दीड सेकंदात कापत असेल तर ते २०० च्या वर पळते आहे आणि त्याचे गिअर खेळण्याच्या प्रमाणात बसवले आहेत.

दुसरी चाचणी कागदाची. इंजिन अगदी सावकाश चालत असताना पुढच्या बोगीखाली, एका रुळावर, कागदाची पट्टी सरकवा. सर्व चाकांतून वीज घेणारे इंजिन त्या पट्टीवरून दिवाही न लुकलुकता जाते. जे थबकते, ते उद्या प्रत्येक सांध्यावर थबकणार.

तिसरी चाचणी चढाची, आणि ती खास आपल्या भागाची आहे. बोरघाटातला चढ ३७ ला १ असा आहे. कर्जत ते लोणावळा गाड्यांना मागून बँकर इंजिने लावावी लागतात ती त्यामुळेच. एक मीटर फळीचे एक टोक २७ मिलिमीटर उचला की तोच चढ तयार होतो. त्यावर इंजिनामागे एकेक डबा वाढवत जा आणि चाके जागच्या जागी फिरू लागली की थांबा. सहा चाकजोड्यांचे एचओ इंजिन या चढावर पाच-सहा डबेही ओढत नसेल, तर त्याचे वजन तरी कमी आहे किंवा सगळ्या चाकजोड्यांना गिअर जोडलेले नाहीत. उलटे करून, वीज देऊन किती चाके फिरतात ते मोजा.

आवाजही ऐका. एकसारखी गुणगुण ठीक आहे. ठरावीक अंतराने येणारी टकटक म्हणजे बहुधा तडकलेला गिअर.

८. विजेची आणि जोडणीची बाजू

डीसीसी म्हणजे रुळांतून डिजिटल आज्ञा पाठवून इंजिन चालवण्याची पद्धत, आणि त्या आज्ञा वाचणारी इंजिनातली चकती म्हणजे डिकोडर. ‘डीसीसी रेडी’ या शब्दांचा अर्थ आत डिकोडर आहे असा नाही. फक्त डिकोडर बसवण्याची जागा आहे, असा आहे. ती जागा ८ पिनांची की २१ पिनांची, हे विचारून घ्या, नाही तर वेगळा घेतलेला डिकोडर बसत नाही. इंजिन किती त्रिज्येचे वळण घेऊ शकते, तेही विचारा. सहा चाकजोड्यांची लांब इंजिने ३६० मिलिमीटरच्या खेळण्यातल्या वळणावर अनेकदा अडतात. अमेरिकी इंजिनांना नकल (knuckle, मुडपलेल्या बोटांसारखी एकमेकींत अडकणारी) जोडणी असते आणि बाजूचे बफर नसतात, तेव्हा तुमच्या डब्यांची जोडणी जुळते का हे आधीच पाहावे.

९. जुने इंजिन घेताना

जुन्या ओतीव जस्त मिश्रधातूचा सांगाडा अशुद्धीमुळे आतून फुगतो आणि तडकतो. बाहेरून कवच ठाकठीक दिसते. म्हणून कवच काढू न देणाऱ्या विक्रेत्याकडून जुने इंजिन घेऊ नये, मग सवलत कितीही असो. सांगाड्यावर केसासारख्या भेगा किंवा वाक दिसला तर त्यावर उपाय नाही.

१०. पैसे देणे आणि पहिला आठवडा

परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क वस्तूच्या किमतीसोबत वाहतूक आणि विम्याच्या रकमेवरही आकारले जाते, हे हिशेबात धरा. विक्रेत्याकडे तयार मालाचे छायाचित्र मागा. नमुना इंजिनाचे चित्र आणि प्रत्यक्ष येणारे इंजिन यांत बोगीसारखे भाग बदललेले असू शकतात. खोके उघडताना न थांबता एकच चित्रफीत काढा, त्यात बिलावरील क्रमांक दिसू द्या, आणि त्याच दिवशी वरची मापे घ्या. परत करण्याची मुदत संपल्यावर कॅलिपर काढण्यात अर्थ नसतो.

त्यानंतर इंजिन डब्यांशिवाय मध्यम वेगाने अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे चालवा, थंड होऊ द्या, आणि चाकजोड्यांमधले अंतर पुन्हा एकदा मोजा. सैल बसवलेले चाक याच पहिल्या तासात आपल्या जागेवरून सरकते, आणि तेव्हा ते विक्रेत्याला दाखवता येते.